औंधचे सूर्यनमस्कार आणि बालविकासातील हालचालींचे स्थान

हालचालींवर आधारित उपचारपद्धतींची चर्चा आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य ग्रंथांपासून सुरू होते. अमेरिकेतील नृत्यचिकित्सकांची संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली. संवेदनांच्या एकात्मीकरणावरील जीन एअर्स यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी काही दशके औंध संस्थानातील शाळांत मुलांना सूर्यनमस्कार सक्तीचे होते. प्रस्तुत लेखात या उपक्रमाचा बालविकासाच्या दृष्टीने विचार केला आहे.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे आरंभी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून १९०८ च्या सुमारास ते नियमित सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी या व्यायामाचा प्रसार हे जीवितकार्यच मानले. सातारा-सांगलीकडील औंध, आटपाडी, कुंडल अशा विखुरलेल्या मुलखाचे हे लहानसे संस्थान. तेथील शाळांना महागडी व्यायामसाधने पुरविणे अवघडच होते. नमस्काराला मात्र अंगापुरती जागा पुरते. मुली व स्त्रिया यांनीही तो घालावा, असा भवानरावांचा आग्रह होता आणि त्या काळी तो सामान्य नव्हता. लुइस मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. 'दहा टप्प्यांचा आरोग्यमार्ग' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक औंध पद्धतीतील दहा स्थितींवरून आले आहे. आज सर्वत्र रूढ असलेल्या प्रकारात बारा स्थिती मोजल्या जातात.

या रचनेत वाढत्या शरीराला उपयुक्त असे बरेच काही आहे. दुसऱ्या स्थितीत टेकलेले तळहात नवव्या स्थितीपर्यंत जागेवरच राहतात. त्यामुळे मनगट, कोपर व खांदे यांवर शरीराचा भार येतो आणि सांधे-स्नायूंकडून मेंदूला आपल्या अवयवांच्या स्थितीची जाणीव सतत मिळत राहते. डोके खाली जाते, पुन्हा वर येते. या बदलाची नोंद अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा घेते. एका आवर्तनात उजवा आणि दुसऱ्यात डावा पाय आधी मागे नेल्यास दोन्ही अंगांना सारखे काम मिळते. पाठीचा कणा आळीपाळीने पुढे व मागे वाकतो. शिवाय क्रम ठरलेला असल्याने पुढची हालचाल कोणती, हे मुलाला लक्षात ठेवावे लागते.

तथापि याला 'उपचार' म्हणताना सावध राहिले पाहिजे. भवानरावांनी नमस्कारांच्या रोगनिवारक सामर्थ्याविषयी मोठे दावे केले. ते अनुभवातून व श्रद्धेतून आलेले होते. नियंत्रित चाचण्यांचा आधार त्यांना नव्हता. उपचार आणि कवायत यांतील फरक तर याहून मूलभूत आहे. कवायतीत सर्व मुले एका आकड्यावर हलतात, तर चिकित्सक एका मुलाची अडचण पाहून हालचाल निवडतो व बदलतो. औंधमध्ये झाली ती कवायत, आणि तिचे मोल कवायत म्हणूनच करणे न्याय्य ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल हवी. सावकाश घातलेले दहा-बारा नमस्कार ही गरज भागवू शकत नाहीत. धावणे आणि मुक्त खेळ यांना ते पर्याय नव्हेत.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत सरसकट सक्ती अपायकारकही ठरू शकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यामुळे मान जोराने वाकविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. अपस्माराच्या काही प्रकारांत दीर्घकाळ वेगाने श्वास घेतल्याने झटका येऊ शकतो. म्हणून श्वसनावर भर देणाऱ्या शिक्षकाने मुलाचा पूर्वेतिहास जाणून घेतला पाहिजे. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्या मुलाचे स्नायू ताठर झाले आहेत, त्याला गुडघे सरळ ठेवून जमिनीला हात टेकविणे बहुधा जमणार नाही. अशा वेळी भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली भिंतीवर किंवा बाकावर तळहात टेकवून हातांवर थोडा भार घेणे शक्य असते. दहांपैकी दोनच स्थिती त्याच्या वाट्याला आल्या, तरी त्या त्याच्या शरीराला मानवतील अशा असतात.