आधी नोंदणी, मग रणांगण

युद्धावरचे खेळ म्हटले की आज संगणकाचा पडदाच डोळ्यांसमोर येतो. परंतु कागदी नकाशा, पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, फासे आणि जाडजूड नियमपुस्तिका घेऊन मेजावर मांडल्या जाणाऱ्या युद्धखेळांची एक स्वतंत्र परंपरा अमेरिकेत आणि युरोपात सात दशकांपासून नांदते आहे. नकाशावर बहुधा षटकोनी घरे असतात. प्रत्येक सोंगटी म्हणजे सैन्याची एखादी तुकडी. तिचे बळ आणि तिची चाल तिच्यावर आकड्यांत छापलेली असते. काही खेळ दोन तासांत संपतात, तर काहींना दोन दिवसही पुरत नाहीत. इतिहासातील एखादी लढाई पुन्हा मांडायची आणि तिचा निकाल वेगळा लागू शकला असता का, हे पटावर पडताळून पाहायचे, हा या छंदाचा गाभा.

हा छंद जोपासणारे मात्र थोडे आणि विखुरलेले. एका शहरात चार, दुसऱ्यात दोन, तर अनेक जण एकटेच दोन्ही बाजू खेळणारे. अशा गिऱ्हाइकासाठी खेळ काढणाऱ्या संस्थाही लहानच. मोजक्या माणसांच्या आणि बेताच्या भांडवलाच्या. दूरचित्रवाणीवर किंवा मोठ्या वृत्तपत्रांत जाहिरात देणे त्यांना परवडत नाही, आणि परवडले तरी त्याचा उपयोग नाही. कारण जाहिरात पाहणाऱ्या हजारोंपैकी एखादाच खेळणारा निघायचा. मग नवा खेळ निघाल्याची वार्ता त्या एखाद्यापर्यंत पोहोचते कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता या व्यवसायाने विक्रीचा नेहमीचा क्रमच उलटा करून टाकला.

टपालातून सुरुवात

या व्यवसायाचा आरंभच टपालखात्याच्या भरवशावर झाला. अमेरिकेतील मेरीलँड राज्याचे रहिवासी चार्ल्स एस. रॉबर्ट्स यांनी १९५२ मध्ये ‘टॅक्टिक्स’ नावाचा खेळ रचला आणि १९५४ मध्ये तो स्वतःच प्रसिद्ध करून टपालाने विकायला काढला. पुढच्या काही वर्षांत त्याच्या सुमारे दोन हजार प्रती खपल्या. त्या बळावर १९५८ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅव्हलॉन हिल’ ही कंपनी उभी केली आणि ‘गेटिसबर्ग’सारखे खेळ दुकानांत आणले. खेळ लोकप्रिय झाले, पण कर्जाचा बोजा पेलवेना. १९६३ च्या अखेरीस कंपनी मुद्रक आणि अन्य धनकोंच्या हाती गेली.

रॉबर्ट्स यांच्या अनुभवात या धंद्याची मूळ अडचण स्पष्ट दिसते. सोंगट्यांचे तक्ते छापणे, त्यांना साच्याने काप देणे, नकाशे आणि पेट्या तयार करणे हा सारा खर्च पहिली प्रत विकली जाण्यापूर्वीच करावा लागतो. शिवाय खेळ दुकानातून विकायचा तर वितरक आणि दुकानदार यांचा वाटा जाऊन छापील किमतीच्या ढोबळमानाने चाळीस टक्केच प्रकाशकाच्या हाती पडतात, आणि निर्मितीखर्च त्यातूनच भागवावा लागतो. दहा खेळांपैकी दोन जरी गोदामात पडून राहिले, तरी लहान प्रकाशकाचे कंबरडे मोडते. म्हणून नवा खेळ गाजविण्याइतकेच त्याला किती गिऱ्हाइके मिळतील, हे आधी कळणे महत्त्वाचे ठरते.

नियतकालिकांचा आधार

गिऱ्हाइकांना एकत्र बांधण्याचे पहिले प्रभावी साधन ठरले ते नियतकालिक. अ‍ॅव्हलॉन हिलने १९६४ मध्ये ‘द जनरल’ हे द्वैमासिक सुरू केले. त्यात डावपेचांवरील लेख, नियमांविषयीच्या शंकांची उत्तरे आणि ‘प्रतिस्पर्धी हवा’ अशा छोट्या जाहिराती असत. खेळ विकत घेतलेल्या माणसाला खेळायला जोडीदार मिळाला, तरच तो पुढचा खेळ घेईल, हे कंपनीने ओळखले होते. १९९८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल ‘हॅस्ब्रो’ या बलाढ्य खेळणी-कंपनीने विकत घेतली आणि हे नियतकालिकही थांबले. तोवर तीन दशकांहून अधिक काळ त्याने खेळाडूंना एकत्र ठेवले होते.

याहून धाडसी प्रयोग झाला तो ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ या नियतकालिकाचा. अमेरिकी हवाई दलात काम करणाऱ्या क्रिस्टोफर वॅग्नर यांनी १९६७ मध्ये जपानमधील वास्तव्यात ते सुरू केले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कचे जेम्स डनिगन यांनी ते आपल्याकडे घेतले आणि अंकासोबत एक पूर्ण युद्धखेळच द्यायला सुरुवात केली. अंक हीच जाहिरात आणि अंक हाच माल! त्यांची संस्था ‘एसपीआय’ या नावाने ओळखली जाऊ लागली. वर्गणीदारांचे पैसे आगाऊ येत, त्यामुळे किती प्रती छापायच्या याचा अंदाज पक्का असे. अंकात पुढच्या खेळांच्या प्रस्तावांची यादी छापली जाई आणि वाचक आपली पसंती आकड्यांत नोंदवून कार्डाने कळवीत. गिऱ्हाइकाला काय हवे ते माल तयार करण्यापूर्वीच विचारण्याची ही पद्धत त्या काळात नवलाची होती.

मात्र आगाऊ घेतलेला पैसा हे एक प्रकारचे कर्जच असते. १९८२ मध्ये एसपीआय आर्थिक अडचणीत सापडली आणि ‘टीएसआर’ या कंपनीच्या ताब्यात गेली. टीएसआरने जुन्या वर्गणीदारांची देणी पुरी करण्यास नकार दिला. ज्यांनी आजीवन वर्गणी भरली होती, त्यांच्याही हाती काही आले नाही. वर्षानुवर्षे जोडलेला वाचकवर्ग त्यामुळे दुखावला. नियतकालिकाचे नाव पुढे टिकले; १९९१ पासून ते ‘डिसिजन गेम्स’कडे आहे. परंतु त्या प्रकरणाने या व्यवसायाला एक धडा दिला. खेळाडूंचा विश्वास हेच येथले खरे भांडवल असून ते एकदा बुडाले की सहजासहजी उभे राहत नाही.

पाचशेंची अट

कॅलिफोर्नियातील हॅनफर्ड या छोट्या शहरात १९९० मध्ये जीन बिलिंग्जली यांनी ‘जीएमटी गेम्स’ ही संस्था सुरू केली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिने अवलंबिलेली ‘प्रोजेक्ट ५००’ ही योजना आज या व्यवसायाची ओळख बनली आहे. मराठी वाचकाला ती समजायला कठीण नाही. बहुखंडी ग्रंथांसाठी आपल्याकडचे प्रकाशक जी प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतात, तिचीच ही बहीण. नवा खेळ रचला जात असतानाच त्याची माहिती, नकाशाचा नमुना आणि रचनाकाराचे निवेदन प्रसिद्ध करायचे. ज्यांना तो हवा असेल त्यांनी सवलतीच्या दरात नाव नोंदवायचे. नोंदणी पाचशेच्या घरात पोहोचली की खेळ छपाईच्या वाटेला लागतो.

या योजनेतील कळीचा मुद्दा पैशाचा आहे. नाव नोंदविताना गिऱ्हाइकाकडून रक्कम घेतली जात नाही. खेळ छापून पाठविण्याच्या सुमारास ती त्याच्या कार्डावरून वळती होते, आणि तोपर्यंत नोंदणी रद्द करण्याची मुभा असते. आगाऊ पैशाचा मोह टाळल्याने प्रकाशकाला छपाईचे भांडवल स्वतः उभे करावे लागते खरे. पण खेळ लांबला किंवा रद्द झाला तरी कोणाचे पैसे अडकून राहत नाहीत. नोंदणीचा वाढता आकडा सर्वांना दिसत असतो. आपल्या आवडीच्या खेळाला शंभर नोंदण्या कमी पडताहेत असे दिसले, की खेळाडूच मित्रांना गळ घालतात. प्रचाराचे काम अशा रीतीने गिऱ्हाईकच अंगावर घेते. ‘मल्टि-मॅन पब्लिशिंग’, ‘लीजन वॉरगेम्स’ अशा इतर लहान प्रकाशकांनीही याच धर्तीची आगाऊ नोंदणी स्वीकारली.

याच मार्गाने आलेल्या ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ या शीतयुद्धावरील खेळाने तर इतिहास घडविला. अनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी रचलेला हा खेळ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जगभरच्या खेळाडूंच्या गुणांकनात तो सर्व प्रकारच्या पटखेळांत कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होता.

चव दाखवून विक्री

नोंदणी मागायची तर आधी विश्वास बसायला हवा. त्यासाठी हे प्रकाशक जे काही करतात, ते मोठ्या कंपन्यांना वेडेपणाचे वाटेल. अनेक खेळांची संपूर्ण नियमपुस्तिका विकत घेण्यापूर्वीच मोफत वाचायला मिळते. ‘व्हॅसल’ या मुक्त संगणकप्रणालीवर खेळाची पडद्यावरील आवृत्ती तयार होते. ती बहुधा खेळाडूच हौसेने, प्रकाशकाच्या संमतीने बनवितात. तिच्या साह्याने दोन खंडांत बसलेले दोघे एकमेकांशी डाव मांडू शकतात. फुकट खेळायला मिळाले तर विकत कोण घेणार, ही शंका स्वाभाविक आहे. अनुभव मात्र बराचसा उलट आहे. पडद्यावर रंगलेला डाव मेजावर प्रत्यक्ष मांडण्याची ओढ खेळाडूला लागतेच, आणि प्रतिस्पर्धी मिळण्याची जुनी अडचणही दूर होते.

खेळाच्या पेटीवरही असाच प्रामाणिकपणा दिसतो. जीएमटीच्या पेट्यांच्या मागच्या बाजूला खेळ किती अवघड आहे आणि तो एकट्याने खेळण्यास कितपत सोयीचा आहे, याचे गुणांकन छापलेले असते. ‘हा खेळ कठीण आहे’ असे स्वतःच्याच मालावर छापणारे विक्रेते विरळा. पण चुकीच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात खेळ मारला, तर तो पुन्हा फिरकणार नाही, हे त्यांना ठाऊक असते.

प्रत्यक्ष भेटीगाठींचे महत्त्वही कमी झालेले नाही. १९७५ मध्ये बाल्टिमोर येथे ‘ओरिजिन्स’ हा मेळावा भरला. चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या नावाचे पुरस्कार देण्याची प्रथा तेथूनच सुरू झाली. आजही अशा मेळाव्यांत रचनाकार स्वतः मेजाशी बसून आपला अपुरा खेळ लोकांकडून खेळवून घेतात. जीएमटीने तर हॅनफर्डच्या आपल्या गोदामातच खेळाडूंना शनिवार-रविवारी बोलावण्याचा प्रघात पाडला. जाहिरातीचा मजकूर कितीही चांगला असला, तरी शेजारच्या मेजावर रंगलेला डाव जे काम करतो, ते त्याला साधत नाही.

लोकवर्गणीचे दुधारी शस्त्र

२००९ मध्ये ‘किकस्टार्टर’ ही लोकवर्गणीची सेवा सुरू झाली आणि लहान प्रकाशकांना नवे दालन उघडले. ‘ओगर’ हा कल्पित भविष्यातील रणगाड्यांचा खेळ १९७७ मध्ये अवघ्या २ डॉलर ९५ सेंटला मिळत असे. त्याच्या भव्य नव्या आवृत्तीसाठी ‘स्टीव्ह जॅक्सन गेम्स’ने २०१२ मध्ये २० हजार डॉलरचे आवाहन केले. प्रत्यक्षात साडेपाच हजार लोकांनी मिळून ९ लाख २३ हजार डॉलर दिले. पेट्या मात्र २०१३ च्या अखेरीस हाती पडल्या.

येथे आगाऊ पैसा पुन्हा परत आला, आणि त्याबरोबर जुनी जोखीमही. त्याच वर्षी दुसऱ्या एका पटखेळासाठी गोळा झालेले १ लाख २२ हजार डॉलर खेळ न बनविता इतरत्र खर्च झाल्याचे प्रकरण अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापर्यंत गेले. लोकवर्गणीच्या फसवणुकीविरुद्धची आयोगाची ती पहिली कारवाई २०१५ मध्ये झाली. अखेर दुसऱ्याच एका प्रकाशकाने पुढाकार घेऊन तो खेळ वर्गणीदारांपर्यंत पोहोचविला.

याच्या अगदी उलट टोकाचा मार्ग म्हणजे मागणी येईल तशी एकेक प्रत छापणे. मिशिगनमधील अमाबेल आणि मेरी हॉलंड या दाम्पत्याने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘हॉलंडस्पील’ने हा मार्ग निवडला. प्रतीमागे खर्च अधिक पडतो. पण गोदाम नको, कर्ज नको आणि आगाऊ पैसाही नको. त्यामुळे ज्या विषयाला तीनशेच वाचक मिळतील, असा विषयही हाती घेता येतो.

कोणता इतिहास छापला जाणार?

साऱ्या पद्धतींचा कस लागला तो २०२५ मध्ये. अनेक प्रकाशकांचे खेळ चीनमध्ये छापले जातात. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरील जादा आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले. मे महिन्यात ते ३० टक्क्यांवर आले. किंमत ठरवून नोंदणी घ्यायची आधी आणि माल बंदरात यायचा कित्येक महिन्यांनी; मधल्या काळात शुल्क वाढले तर तो भार कोणी सोसायचा? लोकवर्गणीत गिऱ्हाइकाचे पैसे आधीच खर्च झालेले असतात आणि त्याच्याकडे पुन्हा मागणे जिवावर येते. ज्यांनी पैसे घेतलेले नव्हते, त्यांना निदान गिऱ्हाइकाला विचारण्याची आणि गिऱ्हाइकाला नकार देण्याची मोकळीक होती.

या साऱ्यात भारतीय वाचकाच्या जिव्हाळ्याचाही एक धागा आहे. १९१७ ते १९४७ या काळातील स्वातंत्र्यलढ्यावरचा ‘गांधी’ हा खेळ जीएमटीने २०१९ मध्ये काढला. त्यात काँग्रेस, मुस्लिम लीग, ब्रिटिश राजवट आणि क्रांतिकारक असे चार पक्ष आहेत. दिल्लीची सल्तनत, बहमनी राज्य आणि विजयनगर यांच्यातील १२९० ते १३९८ या काळातील दख्खनच्या संघर्षावर ‘विजयनगर’ हा खेळ त्यानंतर आला. पाश्चात्त्य देशांतील कोणत्याही दुकानदाराने असे विषय आपणहून मागविले नसते. आगाऊ नाव नोंदविणारे पुरेसे लोक मिळाले, म्हणून ते छापले गेले.

या पद्धतीची मर्यादाही येथेच दिसते. दुसरे महायुद्ध किंवा अमेरिकेतील यादवी असा परिचित विषय असला की नोंदणी झपाट्याने होते. अपरिचित विषयाला वाट पाहावी लागते. जो विषय लोकांना ठाऊकच नाही, त्यासाठी ते नाव कसे नोंदविणार? म्हणूनच लहान प्रकाशकाचे खरे काम नोंदणीची यादी उघडण्याच्या फार आधी सुरू होते. आधी लेखांतून, निवेदनांतून आणि मेळाव्यांतील प्रयोगांतून त्या इतिहासाविषयी कुतूहल जागवायचे. मगच त्यावरचा खेळ पुढे करायचा. ते कुतूहल जागले, तर पाचशे माणसे जगात कोठेही सापडतात.