दोन आठवड्यांची सेवा : कोणाची आणि कोणासाठी?



मागच्या वेळी आपण कर्तव्य आणि परोपकार यांतला फरक पाहिला. व्याख्यान संपल्यावर एक मुलगी थांबली. इथल्याच एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या चर्चमधल्या तरुणांचा गट दोन आठवड्यांसाठी नेपाळला निघालाय. डोंगरातल्या एका गावात शाळेची खोली बांधायची, आरोग्य तपासणीचं शिबिर घ्यायचं, संध्याकाळी मुलांना गाणी शिकवायची, प्रार्थना घ्यायची. खर्च ज्याचा त्यानं करायचा. तिनं पैसे साठवले होते, रजाही मंजूर झाली होती. तिनं विचारलं, "सर, जाऊ का? घरचे म्हणतात, सेवाच करायची तर कोल्हापुरात काय कमी आहे?"

आम्ही तिला गुळमुळीत उत्तर दिलं. चांगलं काम आहे, विचार करून ठरव, वगैरे. घरी जाताना मात्र वाईट वाटलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देता येऊ नये? म्हणून आजचं व्याख्यान त्या प्रश्नावर.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. किंबहुना परदेशात धर्मकार्यासाठी जाणारा 'स्वयंसेवक' ही कल्पना ज्या चळवळीनं जगभर पोचवली, तिच्या मुळाशी एक कोल्हापूरकर आहे. ऐकून आश्चर्य वाटेल, पण खरं आहे.

रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ साली अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये कोल्हापूरला. इथं त्यांनी शाळा काढल्या, मिशन उभारलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. पुढे कुटुंब अमेरिकेला परतलं. रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं एक महिनाभराचं शिबिर झालं. सुमारे अडीचशे विद्यार्थी होते. रॉबर्टनं आणि त्याच्या मित्रांनी तिथं परदेशी मिशनचा विषय लावून धरला, आणि शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशात मिशनरी म्हणून जायची तयारी दाखवली. त्यातून १८८८ मध्ये 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' ही संघटना उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत हजारो तरुण-तरुणी आशिया-आफ्रिकेत गेले. रॉबर्टची बहीण ग्रेस हिचाही या सगळ्यात मोठा वाटा होता.

आता यातला मुद्दा नीट लक्षात घ्या. हे 'व्हॉलंटिअर' दोन आठवड्यांसाठी नव्हते, बरं का. नाव देणं म्हणजे आयुष्य देणं. बोटीनं यायचं, कित्येक वर्षं घर बघायचं नाही आणि आल्यावर आधी भाषा शिकायची. मराठी आल्याशिवाय मिशनऱ्याच्या कामाला इथं सुरुवातच होत नसे.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. डॉक्टर विल्यम वान्लेस, मूळचे कॅनडाचे, १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी या भागात काम केलं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की कळायचं, दुखणं मोठं आहे. वान्लेस यांनी नुसती ऑपरेशनं केली असती, तर त्यांच्यामागे फक्त आठवण राहिली असती. पण त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यकीचं शिक्षण दिलं. त्यामुळे ते गेले तरी काम राहिलं.

आम्ही जुन्या मिशनऱ्यांची आरती ओवाळतोय असं समजू नका. त्यांच्या पाठीशी साम्राज्याची सावली होती. इथल्या धर्माला, रीतींना अंधार समजूनच पुष्कळसे आले होते. धर्मांतरानं घरं दुभंगली, बाप-लेकांचं बोलणं तुटलं, हाही इतिहास आहे. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. चुकलं तर त्यांना ते इथंच राहून निस्तरावं लागे. ज्याच्याशी चुकीचं वागलो, तो उद्या सकाळी बाजारात भेटणार, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन आठवड्यांच्या स्वयंसेवकाकडे नेमकं हेच नसतं. तो चूक करून विमानात बसतो.

हे थोड्या दिवसांचं मिशन दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलं. विमानप्रवास आवाक्यात आला, कॉलेजांना सुट्ट्या होत्या, तरुणांना जग पाहायचं होतं. २००५ च्या एका पाहणीवरून रॉबर्ट वुथनाउ या समाजशास्त्रज्ञांनी अंदाज केला की, एकट्या अमेरिकेतून दर वर्षी सुमारे १६ लाख प्रौढ अशा परदेशी फेरीवर जातात. आता आपल्याकडची चर्चेसही तरुणांना बाहेर पाठवू लागली आहेत. पूर्वी आपण फक्त घेणारे होतो, आता देणारेही झालो. म्हणून हा प्रश्न आता आपलाही आहे.

मग या फेऱ्यांचा उपयोग होतो का? १९९८ मध्ये होंडुरास या मध्य अमेरिकेतल्या देशाला 'मिच' चक्रीवादळानं झोडपलं. पडलेली घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चची पथकं गेली. काही घरं तिथल्याच संस्थांनी बांधली. कर्ट व्हर बीक या अभ्यासकानं नंतर दोन्ही प्रकारच्या घरांतल्या कुटुंबांना गाठून विचारलं. परदेशी पथकानं बांधलेल्या घरामुळे कुटुंबाच्या आयुष्यात काही जास्त फरक पडला, असं दिसलं नाही. फरक होता तो खर्चात. पथकाचा प्रवास धरला तर एका घराला सुमारे ३०,००० डॉलर पडले होते. स्थानिक संस्थेनं तसंच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधलं. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरं! आणि जाऊन आलेल्यांचं आयुष्य बदलतं, असं जे नेहमी सांगितलं जातं, तेही फारसं टिकून राहिल्याचं त्यांना आढळलं नाही.

दुसऱ्यांचं कशाला, आमचंच सांगतो.

नोकरीत असताना काही वर्षं आमच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचं काम होतं. सात दिवसांचं हिवाळी शिबिर. एका वर्षी शाहूवाडीकडच्या एका गावात गेलो. मुलांनी पाणंद दुरुस्त केली. मुरूम टाकला, दगड लावले, बाजूची चर बुजवून रस्ता रुंद केला. शेवटच्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले, अहवालात 'तीनशे मीटर पाणंद' असं लिहिलं गेलं. मुलं निघताना रडली. आमचेही डोळे भरून आले होते.

पुढच्या वर्षी श्रावणात सहज त्या गावाला गेलो. एक म्हातारी बांधावर उभी होती. तिनं आम्हाला ओळखलं. म्हणाली, "मास्तर, पोरं तुमची लई गुणाची. पण ती चर बुजवलीसा न्हवं, पानी समदं माज्या खाचरात आलं बगा. मुरमाखाली तरवा गेला." त्या चरीतूनच डोंगराचं पाणी उतरायचं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्ही विचारलंच नव्हतं. आणि तिनं तेव्हा सांगितलं का नाही, असं आम्ही विचारल्यावर ती म्हणाली, "पावनं आल्याती, काम कराय लागल्याती, कसं नगं म्हनायचं?"

मंडळी, या शेवटच्या वाक्यात आजचं सगळं व्याख्यान आहे. पाहुण्याला 'नको' म्हणता येत नाही. देणारा आणि घेणारा यांच्यात अंतर जितकं जास्त, तितकं 'नको' म्हणणं अवघड. आणि ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणता येईल का?

कांटनं इथं फार नेमकं सांगितलं आहे. १७९७ च्या 'मेटॅफिजिक्स ऑफ मॉरल्स' या ग्रंथात तो म्हणतो की, दुसऱ्याचं भलं करायचं ते माझ्या सुखाच्या कल्पनेप्रमाणे नव्हे, तर त्याच्या कल्पनेप्रमाणे. आणि माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, हे त्याचं सूत्र तर आपण अनेकदा पाहिलं आहे. आता अनाथाश्रमातल्या लेकराला कडेवर घेऊन फोटो काढणारा स्वयंसेवक आठवा. दोन आठवडे जीव लावायचा आणि निघून जायचं. पुढच्या महिन्यात दुसरा ताई-दादा, पुन्हा जीव लावणं, पुन्हा निरोप. आपल्या मनाच्या समाधानासाठी ते लेकरू साधन झालं ना?

यावर कोणी म्हणेल, "सर, आमचा हेतू शुद्ध होता, आम्हाला फळाची अपेक्षा नव्हती." गीतेचा आधार असा घेतला जातो. पण निष्काम म्हणजे काय? स्वतःच्या फळाची आसक्ती सोडणं. दुसऱ्याच्या खाचरात काय होईल याचा विचार सोडणं नव्हे! आमचा हेतूही शुद्धच होता. तरवा तरीही गेला.

आता धर्माच्या प्रचाराचा भाग. तो टाळून चालणार नाही, कारण या फेरीच्या नावातच 'मिशन' आहे. श्रद्धावंताला आपली श्रद्धा सांगावीशी वाटणं यात गैर काही नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. मात्र दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्पष्ट केलं. नेपाळचा कायदा याहून कडक आहे. तिथं दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आपल्याकडेही पर्यटक व्हिसावर येऊन कोणाला धर्मप्रचार करता येत नाही.

पण कायद्याच्याही आधी नीतीचा प्रश्न येतो. एका हातात औषधाची गोळी आणि दुसऱ्या हातात धर्माची पुस्तिका असेल, तर समोरच्या आजारी माणसानं पुस्तिका नाकारायची कशी? गोळी त्याला हवीच आहे. म्हणजे पुन्हा तेच, 'नको' म्हणता येत नाही. आम्हाला वाटतं, यात त्या धर्माचाही अपमान आहे. आणि अडचणीत सापडायचं कोणी? तुम्ही परत याल. पोलिसांना उत्तरं देत बसेल तो तिथला ख्रिस्ती.

मग काय, जाऊच नये? तसं आमचं म्हणणं नाही. कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बाहेरगावची माणसं धावून आली, तेव्हा किती आधार वाटला, हे आपण विसरलेलो नाही. पण त्यातही दोन तऱ्हा होत्या. काही जण 'काय हवंय?' असं विचारून आले आणि सांगितलेलं काम करून गेले. काहींनी न विचारता ट्रक भरून जुने कपडे आणून टाकले.

तेव्हा त्या मुलीला आम्ही आता चार गोष्टी विचारू. बोलावलं कोणी? तिथल्या माणसांनी, की इथल्या सहलीच्या उत्साहानं? तुम्ही करणार ते काम तिथला गवंडी करू शकतो का? करू शकत असेल तर त्याचा रोजगार बुडवू नका, तुमच्या तिकिटाचे पैसे त्याला द्या, खोली लवकर आणि नीट होईल. तुम्ही परतल्यावर त्या कामाची जबाबदारी कोणावर? तपासणी शिबिरात कोणाचा रक्तदाब वाढलेला निघाला, तर पुढच्या महिन्याची गोळी त्याला कोण देणार? आणि चौथं, तिथल्या माणसांना तुम्हाला 'हे नको' असं सांगायची मोकळीक आहे का?

या चारांची उत्तरं नीट मिळाली, तर बाळ, जरूर जा. पण रुग्ण तपासायला जाऊ नकोस. दुसऱ्या देशात उपचार करायला तिथली नोंदणी लागते, आणि ते बरोबरच आहे. तिथल्या परिचारिकेच्या हाताखाली पंधरा दिवस काम कर. ती डोंगर चढून बाळंतिणीपर्यंत कशी पोचते ते बघ. चार शब्द नेपाळी शीक. देवनागरी तुला वाचता येतेच, निम्मं काम झालंच आहे. प्रार्थना मनापासून कर, पण ती औषधाच्या रांगेत नको. आणि या फेरीला सेवा म्हणू नकोस, शिकणं म्हण. मुक्काम जितका थोडा, तितकं करणं थोडं आणि ऐकणं जास्त.

घरचे म्हणतात, 'इथं काय कमी आहे?' त्यांचं अर्धं बरोबर आहे. करुणेला सरहद्द नसते, हे त्यांना सांग. पण परत आल्यावर तुझ्याच वॉर्डातल्या, गडहिंग्लज-चंदगडकडून आलेल्या म्हातारीशी तू दोन मिनिटं जास्त बोलायला लागलीस, तर त्यांनाही कळेल की तू कशासाठी गेली होतीस.

ती मुलगी आज इथं बसली आहे की नाही, या दिव्यांच्या उजेडात आम्हाला दिसत नाही. असेल तर हे आमचं उशिरा दिलेलं उत्तर.

त्या पाणंदीचं पुढे काय झालं, हेही सांगून टाकतो. पुढच्या शिबिरात आम्ही पुन्हा त्याच गावात गेलो आणि सात दिवस ती चर उकरून मोकळी केली. कुठून कुठवर उकरायची, ते बांधावर उभं राहून म्हातारी सांगत होती. अहवालात त्याला काय नाव द्यावं, ते मात्र आम्हाला शेवटपर्यंत सुचलं नाही.