विजेच्या गाडीवरील सवलत : कोण देतो, कोण वजा करतो

चंद्रपुरात किंवा वडशाला विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या दुकानात गिऱ्हाईक शिरले, की गाडी एका चार्जिंगमध्ये किती धावते या प्रश्नाच्या पाठोपाठ सरकारी सवलतीचा प्रश्न निघतो; आणि केंद्राचे अनुदान, राज्याची करमाफी, जीएसटीचा कमी दर व प्राप्तिकरातील वजावट या चारही निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्यामुळे विकणाऱ्याचे उत्तर मोघम राहते आणि घेणाऱ्याच्या मनातला संशय मात्र वाढतो.

त्यातला सर्वांत रूढ समज असा, की अनुदानाचे पैसे सरकार दुकानदाराच्या हाती देते आणि ते पुढे पोचवावे की नाही ही त्याची मर्जी. व्यवहाराची रीत प्रत्यक्षात उलट दिशेने चालते. 1 एप्रिल 2019 रोजी सुरू झालेल्या फेम-2 योजनेत, तसेच 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत, अनुदान विक्रीच्या वेळीच किमतीतून वजा करावयाचे आणि गाडी बनविणाऱ्या कंपनीने त्याची भरपाई मागाहून केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाकडून मागावयाची, असा दंडक घालून दिलेला. नव्या योजनेत खरेदीदाराची आधारवरून ओळख पटवून त्याच्या मोबाइलवर ई-व्हाउचर येते. त्यावर त्याने सही करावयाची, मग दुकानदाराने आपली सही करून ते पोर्टलवर चढवावयाचे, आणि हा दस्तऐवज पुरा झाल्यावाचून कंपनीचा दावा उभाच राहत नाही. म्हणून एटापल्लीच्या शेतकऱ्याने गाडी स्वतःच्या नावावर घ्यावयाची असेल, तर पुतण्याला पैसे देऊन चंद्रपूरला धाडणे उपयोगाचे नाही; त्याने स्वतः फोनसह हजर राहावे. एका आधारवर अनुदान एकाच गाडीला मिळते, हेही घरात दोन गाड्यांचा बेत असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

रकमेविषयीही अशीच अतिशयोक्ती चालते. अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर, म्हणजे वीजबिलात आपण ज्याला युनिट म्हणतो त्या हिशेबावर बेतलेले असते. दुचाकीसाठी 2024-25 या वर्षी दर युनिटमागे 5,000 रुपये आणि कमाल 10,000 रुपये अशी मर्यादा होती. पुढील वर्षी दर 2,500 वर आणि मर्यादा 5,000 वर आली. तीन युनिटच्या बॅटरीचे गणित मांडले तर पहिल्या वर्षी 15,000 होतात पण हाती 10,000 लागतात, दुसऱ्या वर्षी 7,500 होतात पण 5,000 च लागतात. तेव्हा शेजाऱ्याला गतवर्षी मिळालेली रक्कम दाखवून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही; खरेदीच्या दिवशी जो दर अंमलात असेल तोच खरा.

दुकानदार आणि कंपन्या यांच्यावरचा सगळाच संशय निराधार असतो, असे मात्र म्हणवत नाही. फेम-2 मध्ये दुचाकीची कारखान्यातील किंमत दीड लाखाच्या आत असणे आवश्यक होते, आणि काही नामांकित कंपन्यांनी चार्जरची किंमत वेगळी आकारून गाडीची किंमत त्या मर्यादेत बसविली होती. गवगवा झाल्यावर 2023 साली ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरोची विडा यांना चार्जरचे पैसे गिऱ्हाइकांना परत करण्याचे कबूल करावे लागले. त्यातून शिकण्यासारखे एवढेच, की बिलाचा एकूण आकडा पाहून स्वस्थ न बसता त्याची एकेक ओळ वाचावी. अनुदान वजा केल्याची ओळ तेथे स्वतंत्र असली पाहिजे. आणि ‘हँडलिंग’ या नावाची ओळ दिसली तर तो सरकारी कर नव्हे; ते पैसे कशाचे, हे निःसंकोच विचारून घ्यावे.

लायसन्स नको, नंबर नको, आणि वर सबसिडीही, असे सांगून तालुक्याच्या गावी खपविल्या जाणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. ताशी 25 किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि पाव किलोवॅटहून कमी शक्तीच्या गाडीला नोंदणी लागत नाही, हे खरे. परंतु नोंदणी नाही तेथे केंद्राचे अनुदानही नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरीला तर नाहीच. दोन्ही लाभ एकाच गाडीत सांगणारा विक्रेता एक तर अजाण असतो, नाही तर फार जाणता.

मोटारगाडीच्या बाबतीत घोटाळा बहुधा परदेशातून येतो. अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा फोनवर सांगतो, की डीलरने साडेसात हजार डॉलरची करसवलत तेथल्या तेथे वळती करून घेतली. ते खोटे नव्हते. 1 जानेवारी 2024 पासून तेथील खरेदीदाराला आपला प्राप्तिकरातील हक्क नोंदणीकृत डीलरच्या नावे करता येत असे, आणि डीलर ती रक्कम करखात्याकडून वसूल करी. 30 सप्टेंबर 2025 नंतर ही सवलतच संपली. आपल्याकडे तशी सोय कधीच नव्हती. येथे कलम 80ईईबी अन्वये कर्जाच्या व्याजापुरती, वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट होती. तीही कर्ज 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या मुदतीत मंजूर झालेले असेल आणि करदाता जुन्या करपद्धतीत असेल तरच. दुकानदाराचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. खाजगी मोटारीला फेम-2 मध्ये अनुदान नव्हते, आणि पीएम ई-ड्राइव्हमध्ये मोटारींचा समावेशच नाही. तिला केंद्राकडून मिळते ती 5 टक्के जीएसटीची सवड, जी 1 ऑगस्ट 2019 पासून आहे आणि जिच्यासाठी कोणताही अर्ज करावा लागत नाही.

उरली राज्याची करमाफी. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणात मोटार वाहन करातून व नोंदणी शुल्कातून सूट आहे. ती दुकानदाराच्या औदार्यावर नव्हे, तर गाडीची नोंद ज्या राज्यात होते त्यावर अवलंबून असते. सिरोंच्याहून गोदावरीचा पूल ओलांडला की तेलंगण लागते, आणि तेथेही विजेच्या गाड्यांना अशीच माफी आहे. पण ती तेथे घेतलेल्या आणि तेथेच नोंदविलेल्या गाडीला. गडचिरोलीचा एमएच 33 हा क्रमांक हवा असेल, तर पलीकडच्या माफीचा हिशेब मनातून काढून टाकावा आणि कागद आपल्या परिवहन कार्यालयात चालतील असेच करून घ्यावेत.