डोंगर चढा-उतरताना मागच्याने थांबावे!

माघ पौर्णिमा, म्हणजे आपल्या शेजारच्या घरातली भारत हुण्णिमे, जवळ आली की सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराची तयारी सुरू होते. चैत्र पौर्णिमेला जोतिबा. परडी, भंडारा, शिधा, पोरांचे स्वेटर, आजीची औषधे, सारे आठवणीने बांधले जाते. गर्दीच्या उतारावर कसे चालायचे, एवढे मात्र घरात कोणी कोणाला सांगत नाही. 'देवी सांभाळून घेते' म्हणून आपण निघतो.

देवी सांभाळतेच; पण आपणही एकमेकांना सांभाळायचे असते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि २९० हून अधिक भाविक दगावले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती. पुढचे पडले, मागच्यांना ते कळलेच नाही. ३ ऑगस्ट २००८ रोजी हिमाचलातल्या नैनादेवीच्या डोंगरवाटेवर दरड कोसळल्याची अफवा उठली आणि १४० हून अधिक जीव गेले. हे फक्त यात्रेतच घडते असे नाही. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियातील सेऊल शहरात सणासाठी जमलेली तरुण मुले एका अरुंद, उतरत्या गल्लीत अडकली. दीडशेहून अधिक मेली.

अशा गर्दीत माणसे बहुधा पायाखाली तुडवून मरत नाहीत, तर उभ्या-उभ्या श्वास कोंडून मरतात. चहूकडून दाब आला की छाती फुगायला जागाच उरत नाही. उतारावर तर वरच्या माणसांचे वजनही खालच्यांवर येते. मागचा म्हणतो, 'मी जरासेच ढकलले.' पण मागच्या शंभरांचे 'जरासे' पुढच्या एकट्याच्या छातीवर जमा होते.

बर्फाच्या डोंगरांवर पायांना लांब पट्ट्या बांधून घसरत जाण्याचा जो खेळ आहे, त्या स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९६७ साली वागण्याचे दहा नियम केले. त्यातला एक आपल्या यात्रेलाही चपखल बसतो. मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की पुढच्याला धोका होऊ नये. कारण सोपे आहे. पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात. मागच्याला पुढचा दिसतो. अरुंद जागी थांबू नये, पडलात तर लवकरात लवकर वाट मोकळी करावी आणि अपघात दिसला तर मदत करावी, हेही त्याच नियमांत आहे. आपण याला साधी माणुसकी म्हणतो. उतारावर ती माणुसकीच जीव वाचवते.

मग घरातून निघताना एवढे ठरवून घ्या. पायरीवर फोटोसाठी किंवा चप्पल शोधायला थांबू नका, कडेला व्हा. वाटेत नारळ फोडू नका, सालपटे टाकू नका. गर्दी दाटली, हात हलवायला जागा उरली नाही, तर दोन्ही हात छातीपुढे दुमडून श्वासापुरती जागा राखा. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. लोटाच्या विरुद्ध जोर लावू नका. लोट थोडा सैल झाला की तिरके-तिरके कडेला सरका. लहानग्याला पुढे चालवण्यापेक्षा कडेवर घ्या. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ती जागा वर चढण्याआधीच ठरवा आणि मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या दुभाषी घरांसाठी. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २३ जण चेंगरून गेले. 'फूल गिर गया' हे कोणाला 'पूल गिर गया' असे ऐकू गेले, असे तेव्हा सांगितले गेले. खरे-खोटे काही असो, गर्दीत एक शब्द फार मोठा असतो. सौंदत्तीच्या वाटेवर कोल्हापूरची मावशी आणि धारवाडची अक्का खांद्याला खांदा लावून चालतात. एकीला 'ढकलू नका' कळते, दुसरीला 'नूकब्याड्री'. 'मागच्यांनी थांबा' म्हणाल तेव्हा लगेच 'हिंदिनवरु निल्रि' असेही म्हणा. दोन्ही भाषा येणारा माणूस अशा वेळी पोलिसाच्या शिट्टीइतका उपयोगी पडतो. हे देणे आपल्याला घरबसल्या मिळाले आहे. ते मोकळ्या गळ्याने वापरावे.

आणि एक शब्द तर भाषांतराशिवायच चालतो. निपाणीत म्हणा की गोकाकात, अर्थ तोच. पुढच्या पौर्णिमेला 'उधो उधो' आणि 'चांगभलं'च्या गजरात तोही मधूनमधून म्हणत जा, 'सावकाश!'