मारानेल्लोचा घोडा आणि आम्स्टरडॅमचा पत्ता

इटलींत मोदेना शहराच्या दक्षिणेस सुमारें १८ किलोमीटरांवर मारानेल्लो नांवाचें गांव आहे. वस्ती सतरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. तरी हें नांव जगभर ठाऊक आहे, कारण तांबड्या ‘फेरारी’ मोटारी तेथें तयार होतात. डिसेंबर २०१४ मध्यें अशी वार्ता आली कीं, ही कंपनी आपला करनिवास, म्हणजे ज्या देशाच्या सरकारास नफ्यावरील कर द्यावयाचा तेथील कायदेशीर बिऱ्हाड, इटलीबाहेर नेण्याच्या विचारांत आहे. इटलींत खळबळ उडणें स्वाभाविकच होतें. कंपनीनें लागलीच इन्कार केला. कराच्या बाबतींत तो इन्कार खरा ठरला. पण त्यानंतर वर्षभरांत कंपनीची कायदेशीर नोंदणी मात्र हॉलंडांत झाली.

ह्या गांवाचें आणि ह्या मोटारीचें नातें तरी काय? एन्झो फेरारी हा मोदेनाचा, जन्म १८९८ चा. वडिलांचा धातुकामाचा लहानसा कारखाना होता. १९२९ मध्यें त्यानें शर्यतींचा संघ काढला तो मोदेनासच, आणि कित्येक वर्षें आल्फा रोमिओच्या मोटारी पळविल्या. महायुद्धांत कारखाने शहरांपासून दूर विखरून न्यावेत असें सरकारी धोरण ठरलें. एन्झोची मारानेल्लोस थोडी जमीन होती, म्हणून १९४३ मध्यें तो तेथें गेला. म्हणजे आज जें ह्या मोटारीचें माहेर मानलें जातें, तेंही मुळांत सोयीनेंच निवडलेलें! त्या जागेवर १९४४ व १९४५ मध्यें बाँब पडले. पडलेलें पुन्हां उभारून १२ मार्च १९४७ रोजीं एन्झो स्वतः ‘१२५ एस्’ ही पहिली मोटार घेऊन फाटकाबाहेर पडला. इंजिन अवघें दीड लिटरचें, पण नळकांडीं बारा! त्याच मे महिन्यांत रोमच्या शर्यतींत फ्रांको कोर्तेसे यानें तिला पहिला विजय मिळवून दिला. मोटारीवरचा काळा घोडाही तिकडचाच. पहिल्या महायुद्धांत पडलेला वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याच्या विमानावर तो असे. तो वापरावयास त्या वीराच्या आईनेंच एन्झोला सांगितलें. मागचा पिवळा रंग एन्झोनें घातला, कारण पिवळा हा मोदेनाचा रंग.

मालकी मात्र सगळी त्याच्यापाशीं राहिली नाहीं. १९६३ मध्यें अमेरिकेच्या फोर्ड कंपनीशीं विक्रीचा सौदा जवळजवळ ठरला होता. शर्यतींचा अधिकार आपल्या हातीं उरत नाहीं असें दिसतांच एन्झोनें तो मोडला. सहा वर्षांनीं त्यानें निम्मा हिस्सा फियाटला दिला, तो शर्यतींचा कारभार स्वतःकडे ठेवूनच. पैसा कोणाचा यापेक्षां शेवटचा शब्द कोणाचा, हें तो पक्कें जाणून होता. १९८८ मध्यें तो वारल्यावर फियाटचा हिस्सा ९० टक्के झाला; उरलेले १० टक्के मुलगा पिएरो याच्याकडे राहिले.

ही जुनी हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, हॉलंडला जाण्याचें मर्म तींतच आहे. ऑक्टोबर २०१४ मध्यें फियाट व क्रायस्लर यांची मिळून एक कंपनी झाली. तिची नोंदणी हॉलंडांत आणि करनिवास ब्रिटनमध्यें. त्याच महिन्यांत तिचे सूत्रधार सेर्जियो मार्किओन्ने यांनीं फेरारी वेगळी काढण्याचें जाहीर केलें. पुढें ‘फेरारी एन्. व्ही.’ ही डच कंपनी उभी राहिली. २१ ऑक्टोबर २०१५ रोजीं तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांत आले, विक्रीची किंमत ५२ डॉलर. ४ जानेवारी २०१६ रोजीं ते मिलानच्या बाजारांत दाखल झाले. कर इटलींतच, कारखाना मारानेल्लोसच. कायद्याचा पत्ता तेवढा आम्स्टरडॅमचा.

मग एवढा खटाटोप कशासाठीं? मतांसाठीं. डच कायद्याच्या आश्रयानें अशी योजना झाली कीं, जो भागधारक आपले भाग विशेष नोंदवहींत घालून तीन वर्षें विकणार नाहीं, त्यास दुप्पट मतें मिळावीं. फेरारी वेगळी होतांना जुन्या मोठ्या धन्यांस हा लाभ आरंभापासूनच झाला. त्या वेळीं आन्येल्ली घराण्याच्या ‘एक्सोर’ कंपनीकडे भाग चतुर्थांशाहूनही कमी होते, पण मतें एक तृतीयांश; पिएरोकडे भाग दहा टक्के, मतें सुमारें पंधरा. दोघांची बेरीज निम्म्याच्या घरांत जाते. उद्यां कोणी कुबेर बाजारांतून भाग गोळा करीत आला, तरी ह्या दोन घराण्यांस डावलून कारखाना गिळणें त्यास फार अवघड. फोर्डला एन्झोनें तोंडानें जें नाकारलें, तें त्याच्या वारसांनीं कागदानें नाकारून ठेवलें.

तेव्हां घर राखण्यासाठींच धन्यानें परगांवीं दस्त नोंदविला असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्य आहे. माझें समाधान मात्र पुरतें होत नाहीं. ‘मुख्यालय’ हा शब्द आपण सरसकट वापरतों; त्यांतील ‘आलय’ ‘ली’ धातूपासून आलें आहे. जेथें माणूस स्थिरावतो, लीन होतो, तें आलय. पुण्यांत तीन पिढ्या काढलेला गृहस्थ कोंकणांतलें कुलदैवत सांगतो, पण वाद पडला तर पुण्याच्याच कोर्टांत जातो. फेरारीचें उलट झालें : राबणें मारानेल्लोस, आणि भागधारकांची वार्षिक सभा हॉलंडांत, डच कायद्याखालीं. मोदेनाच्या ज्या रहिवाशानें हौसेनें चार भाग घेतले असतील, त्याच्या मताचें वजन मोठ्या धन्यांपुढें कितीसें?

शिवाय वाट एकदां मळली कीं तिच्यावरून रहदारी सुरू होते. २०१६ मध्यें एक्सोर, २०२० मध्यें काम्पारी, २०२१ मध्यें मेदियासेत, २०२४ मध्यें ब्रेंबो, असे इटलीचे एकाहून एक मातबर धंदे नोंदणीपुरते हॉलंडला गेले. अखेर २०२४ मध्यें इटलीनेंच कायदा बदलला आणि एका भागास दहापर्यंत मतें देण्याची मुभा ठेवली. बैल गेला आणि झोपा केला!

पत्ता बदलण्यापेक्षां वाईट काय असूं शकतें, तें इंग्लंडांत दिसलें. लोटस कंपनी १९६६ पासून नॉर्फक परगण्यांत हेथेल येथें जुन्या विमानतळावर मोटारी बांधते. २०१७ मध्यें तिचा मोठा हिस्सा चीनच्या जीली समूहाकडे गेला. जून २०२५ मध्यें हेथेलचें उत्पादन थांबवून तें अमेरिकेंत नेण्याचा विचार असल्याची वार्ता आली. कंपनीनें इन्कार केला खरा. पण ऑगस्टमध्यें तिनेंच ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचें जाहीर केलें. तेथें प्रश्न कागदाचा नव्हता, चुलीचा होता.

मारानेल्लोच्या चुली पेटत्या आहेत. २०१४ मध्यें ७,२५५ मोटारी बाहेर पडल्या होत्या, २०२४ मध्यें १३,७५२. कंपनीच्या वार्षिक अहवालांत अधिकृत ठिकाण म्हणून आम्स्टरडॅम छापलेलें असतें, आणि कचेरीचा पत्ता म्हणून मारानेल्लो, आबेतोने इन्फेरिओरे मार्ग, क्रमांक ४. फेरारीनें मोठी शर्यत जिंकली कीं त्या गांवच्या चर्चमध्यें घंटा वाजविण्याची चाल आहे, ती अजून चालू आहे.