कळसूबाईवर बर्फ का पडत नाही?

हिवाळ्यात वर्तमानपत्रात गुलमर्गचे छायाचित्र येते. पायांना लांब पट्ट्या बांधलेले खेळाडू पांढऱ्याशुभ्र उतारावरून भर्रकन खाली येत असतात. ते पाहून श्रीरामपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहज वाटेल, की महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर तर आपल्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. मग कळसूबाईवर बर्फ का पडत नाही? तेथे स्कीइंग का करता येत नाही?

उत्तर शोधण्यासाठी प्रथम नकाशा उघडा.

उंचीचा हिशेब

श्रीरामपूर आणि कळसूबाई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, सुमारे १९.६ अंश उत्तर. म्हणजे दोन्ही ठिकाणी सूर्य सारखाच वर चढतो. फरक आहे तो उंचीचा. श्रीरामपूर समुद्रसपाटीपासून सव्वापाचशे मीटरच्या आसपास, तर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. सर्वसाधारणपणे दर हजार मीटर चढले की हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. या हिशेबाने शिखरावरची हवा श्रीरामपूरपेक्षा सुमारे सात अंशांनी थंड असणार.

जानेवारीत दुपारी श्रीरामपूरला ३० अंश तापमान असेल, तर शिखरावर ते २३ अंश भरेल. ते शून्यावर यायला डोंगर किती उंच हवा? तुम्हीच भागाकार करून पाहा. उत्तर सुमारे ५१०० मीटर येईल, म्हणजे आजच्या कळसूबाईच्या तिपटीहूनही अधिक!

पण बर्फाला केवळ थंडी पुरत नाही. थंडी आणि बाष्प एकाच वेळी हवे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. जुलैत बाष्प भरपूर, पण हवा गोठण्याइतकी थंड नसते. जानेवारीत थंडी येते, तेव्हा वारे जमिनीवरून येतात आणि आकाश बहुधा कोरडे असते. गुलमर्ग मात्र ३४ अंश अक्षांशावर, सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. भूमध्य समुद्राकडून निघालेली पश्चिमी वादळे हिवाळ्यातच काश्मीरला पोहोचतात आणि वाटेत गोळा केलेले बाष्प बर्फाच्या रूपाने तेथे टाकतात.

डोंगरावरचे वर्ष

बर्फ नसले तरी भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या परिसरातील वर्ष काही कमी विलक्षण नाही.

मार्च ते मे हा उन्हाळा. श्रीरामपूर चाळिशीला टेकते, तेव्हाही डोंगरमाथ्यावर रात्री गारवा असतो. याच दिवसांत वळवाचे ढग उठतात. त्यांचे माथे इतके उंच जातात की तेथे पाणी गोठते आणि गारा पडतात. म्हणजे बर्फ श्रीरामपूरच्या आकाशातही असते; ते फक्त फार उंचावर असते! गारांचे कौतुक मात्र शेतकऱ्याला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रातील उभी पिके झोपवली होती.

मेअखेरीस भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे लुकलुकू लागतात आणि जूनमध्ये मोसमी वारे येऊन धडकतात. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात. चांगल्या वर्षी घाटघरचा पाऊस ५००० मि.मी.च्या घरात जातो. तीच हवा पूर्वेकडे खाली उतरली की दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. म्हणून केवळ शंभर किलोमीटरवरील श्रीरामपूरला वर्षाकाठी सुमारे ५०० मि.मी. पावसावर समाधान मानावे लागते. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

सप्टेंबरमध्ये उतारांवर सोनकी फुलते, ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो आणि मग धुक्याचा हिवाळा येतो. शांत, निरभ्र रात्री थंड, जड हवा घरंगळत दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे कधी कधी पहाटे माथ्यापेक्षा दरीतच अधिक गारठा असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या वर्षी दवबिंदू गोठतात, ते अशाच रात्री. पण ते हिमकण जमिनीवर तयार होतात. आकाशातून पडणारे बर्फ ते नव्हे.

बर्फाचे काम कोण करते?

काश्मीरच्या डोंगरावरचे बर्फ ही खेळाची जागा आहे, तशीच ती पाण्याची कोठीही आहे. हिवाळ्यात साठलेले बर्फ वसंतात आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळून झेलमला पाणी पुरवते. सह्याद्रीला अशी कोठी नाही. चार महिन्यांत कोसळलेले पाणी पाहता पाहता वाहून जाते. म्हणून ती कोठी माणसाला बांधावी लागली. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले कालवे ते श्रीरामपूरच्या उसापर्यंत पोहोचवतात. जेथे आकाशातून ५०० मि.मी. पडते, तेथे ऊस उभा राहतो तो डोंगरावरच्या पावसाच्या जोरावर.

कोठी भरली नाही तर काय होते? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले. स्कीइंगसाठी आलेल्यांचा हिरमोड झाला. पण शेतकऱ्यांना चिंता होती ती पुढच्या उन्हाळ्यातील पाण्याची. घाटघरला पाऊस ओढ देतो, तेव्हा श्रीरामपूरलाही नेमकी हीच चिंता असते. पृथ्वीची हवा तापत आहे. अशा वेळी डोंगरावरच्या हवामानाकडे लक्ष ठेवणे ही सपाटीवरच्या माणसाचीही गरज आहे.

तुम्हीही हे करा

सरळ भिंतींचा, सपाट तळाचा एक डबा शाळेच्या मोकळ्या जागेत पक्का बसवा. जूनपासून रोज सकाळी ठरावीक वेळी त्यातील पाण्याची खोली मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, नोंदवा आणि डबा रिकामा करा. शेजारच्या रकान्यात वर्तमानपत्रातील भंडारदरा, घाटघरच्या पावसाचा आकडा लिहा. एक मि.मी. पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे ध्यानात ठेवा. शिक्षकांनी दोन्ही आकडे फळ्यावर आलेखात मांडावेत. ऑक्टोबरपर्यंत त्या दोन रेषांमध्ये जे अंतर पडेल, तेवढी उसाच्या शेताची उधारी डोंगराकडे आहे असे समजा!