किलोमागे किती? भाजीतील कीटकनाशकाची मर्यादा कशी ठरते

दहा टन भेंडी भरलेला एक ट्रक, असे दहा ट्रक डोळ्यांसमोर आणा. या सगळ्या भेंडीत मिळून एखाद्या कीटकनाशकाचा एकच ग्रॅम असेल, तर अंश होतो किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. आजच्या प्रयोगशाळा एवढासा अंशही मोजू शकतात. आपल्या देशात एखाद्या पिकावर एखाद्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तर, मसाल्यांचा अपवाद सोडता, हीच मर्यादा लागू होते. ‘ती ओलांडली की भाजी विषारी झाली का?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर देण्याआधी मर्यादेचा आकडा येतो कोठून, ते पाहू.

पुष्कळांची समजूत अशी असते, की माणसाला किती विष सोसते ते प्रयोगशाळेत ठरवायचे आणि तोच आकडा भाजीला लावायचा. प्रत्यक्षात सुरुवात शेतात होते. वेगवेगळ्या ठिकाणच्या शेतांत शिफारशीत बसेल अशी, पण अगदी तिच्या काठावरची फवारणी करतात. म्हणजे परवानगी असलेली जास्तीत जास्त मात्रा, जास्तीत जास्त फवारण्या आणि शेवटची फवारणी व तोडणी यांत कमीत कमी दिवस. मग भाजी तोडून अंश मोजतात. समजा, ते किलोमागे ०.०४ ते ०.१४ मिलिग्रॅम निघाले, तर मर्यादा त्याहून थोडी वर, ०.२ अशी धरली जाईल. नीट फवारणी केली तर याहून अधिक अंश उरायला नको, एवढेच हा आकडा सांगतो. शेतकऱ्याच्या हाताला लावलेले ते माप आहे.

आरोग्याचा हिशेब स्वतंत्रपणे होतो आणि शेतातून आलेला आकडा त्यावर घासून पाहिला जातो. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची संयुक्त बैठक १९६३ पासून हे काम करते. तिने १९९९ साली क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा विचार कसा केला, ते पाहण्यासारखे आहे. उंदीर आणि कुत्रे यांना रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम दिले, तर मेंदूतील एका महत्त्वाच्या विकराचे काम मंदावत नव्हते. या आकड्याला शंभराने भागले. प्राण्यापेक्षा माणूस दहापट नाजूक असू शकतो म्हणून दहा, आणि माणसामाणसांत दहापट फरक असू शकतो म्हणून आणखी दहा. उरले ०.०१ मिलिग्रॅम. आयुष्यभर रोज पोटात गेले तरी चालेल, असे हे प्रमाण मानले गेले.

आता गणित फळ्यावर मांडता येईल. वीस किलो वजनाच्या मुलासाठी हे प्रमाण रोज ०.२ मिलिग्रॅम होते. ज्या भाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅम अंश आहे, ती त्याने १०० ग्रॅम खाल्ली तर पोटात जाते ०.०२, म्हणजे त्याच्या वाट्याचा दहावा भाग. धान्य, फळे, दूध यांतून येणारे अंश त्यात मिळवायचे. बेरीज वाट्याबाहेर गेली, तर शेतात कितीही नीट फवारणी झालेली असो, ती मर्यादा मंजूर होऊ नये. वर्गातल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. मर्यादा ओलांडलेली भाजी एकदा खाल्ल्याने बहुधा काही होत नाही. पण शेतात काहीतरी चुकले आहे, हे नक्की.

हे सगळे फार नेटके वाटते खरे. पण ‘शंभर’ हा काही निसर्गाचा नियम नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ साली तो सुचवला आणि तो रूढ झाला. मुलांचे काय, हा प्रश्न पुढे आला. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खाते आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात मुलांसाठी आणखी दहाने भागण्याची तरतूद केली. क्लोरपायरिफॉसची कथा तर त्याच्याही पुढे गेली. २०१९ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निष्कर्ष काढला, की वाढत्या मेंदूवरील परिणाम आणि जनुकांना इजा होण्याची शंका पाहता या रसायनाचे कोणतेच प्रमाण सुरक्षित म्हणून सांगता येत नाही. २०२० मध्ये युरोपात त्याचा वापर थांबला. २०२५ साली स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी, काही सवलती ठेवून का होईना, ते जगभरातून हद्दपार करायच्या यादीत घातले. ज्या आकड्यावर जगाने वीस वर्षे हिशेब केले, त्याच्या खालचा पायाच निघाला.

आता शेतात परत जाऊ. फवारलेले औषध ऊन, पाऊस आणि वनस्पतीतील विकरे यांमुळे हळूहळू नाहीसे होते. दर दोन दिवसांनी अंश निम्मा होतो असे धरा. पहिल्या दिवशी किलोमागे २ मिलिग्रॅम असेल, तर दोन दिवसांनी १, मग ०.५, मग ०.२५ आणि आठव्या दिवशी ०.१२५. ०.२ च्या खाली यायला जवळजवळ सात दिवस लागले. (नववी-दहावीच्या मुलांना याचा आलेख काढायला द्यावा.) औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस दिलेले असतात, त्यामागे हेच गणित आहे. कोबीला सात दिवस थांबणे जमते. भेंडीचा तोडा मात्र एक दिवसाआड करावा लागतो, आणि आठवडाभर झाडावर राहिलेली भेंडी जून होऊन कोणी घेत नाही. फळ पोखरणारी अळीही नेमकी तोडे चालू असतानाच येते. अशा पिकाला सात दिवस थांबायला लावणारे औषध सुचवणे म्हणजे नियम मोडायला सांगणेच होय. भेंडीसाठी झटपट विघटन होणारी औषधे किंवा निंबोळी अर्कासारखे उपाय हवेत.

शेवगा किंवा पालेभाज्या यांसारख्या पिकांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांच्यासाठी रीतसर नोंदलेली कीटकनाशके थोडी. चाचण्यांना खर्च येतो आणि एवढ्याशा पिकासाठी तो करायला कंपन्या राजी नसतात. मग शेतकरी कृषी सेवा केंद्रात मिळेल ते औषध मारतो. त्या पिकावर त्या औषधाची मर्यादाच ठरलेली नसल्याने त्याला सुरुवातीची ती ०.०१ लागू होते, आणि तेवढ्यात बसणे त्याला जवळपास अशक्य असते.

भाजी धुतल्याने फायदा होतो का, असेही विचारले जाते. पृष्ठभागावर राहणाऱ्या औषधाचा काही भाग वाहत्या पाण्याने जातो, साल काढल्याने आणखी जातो. आंतरप्रवाही औषध मात्र रसाबरोबर झाडात फिरते, पान-फळाच्या आत मुरते. त्याला मिठाच्या पाण्याचाही उपयोग नाही. ते कमी करण्याची जागा एकच, ती म्हणजे शेत.